जाळीवर खंगर धरतोय? पऱ्हाटीच्या भुशात केओलिन मिसळा

कपाशीची शेवटची वेचणी उरकली की फरदडीच्या, म्हणजे तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवण्याच्या, मोहात पडू नका. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचून ठेवली तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. शेतातच पेटवून देण्यापेक्षा तिचा भुसा करून, तो यंत्रात दाबून जळणासाठी कांडी कोळसा बनवा.

या मालाबद्दल भट्टीवाल्यांची एक तक्रार खरी आहे: भट्टीच्या जाळीवर खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचे खडे, धरतो. पिकातले पोटॅश आणि मुळांना चिकटलेल्या मातीतली सिलिका राखेत एकत्र आली, की साधारण 750 ते 800 अंशांनाच राख वितळू लागते आणि निवल्यावर काचेसारखी घट्ट होते. हवा अडते, जळण अर्धवट राहते, धूर वाढतो.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. उपटलेली पऱ्हाटी आपटून माती झाडा, मुळांकडचा भाग वेगळा काढा आणि ओल 12 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत उन्हात वाळवा. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीवाल्या मंडळींनी केळीची वाळकी पानं, खोडं यात मुळीच घालू नयेत. केळीला आपण पोटॅश भरपूर देतो, आणि म्युरेट ऑफ पोटॅश या खतातलं क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातं.

एवढं करूनही खंगर धरला तरच केओलिन आणा. उन्हाळ्यात पानांतलं पाणी उडू नये म्हणून बाष्परोधक म्हणून पिकावर फवारतो तीच ही पांढरी माती. राखेतल्या पोटॅशला ती धरून ठेवते आणि जे नवं संयुग बनतं ते 1500 अंशांनाही वितळत नाही. 100 किलो कोरड्या भुशाला 2 किलो घ्या आणि यंत्रात घालण्याआधी नीट कालवा. कालवताना नाकातोंडाला रुमाल बांधा. अख्ख्या काड्यांवर नुसती भुरभुरली तर जाळीतून खाली गळून वाया जाते.

याने उष्णता वाढते, असं कुणी सांगितलं तरी मानू नका. उलट माती जळत नसल्याने किंचित कमीच होते. फायदा आहे तो जाळी मोकळी राहण्याचा.

केओलिनऐवजी चुना स्वस्त पडतो, पण मी तो सुचवणार नाही. ही राख शेवटी आपल्याच शेतात जाते. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी आधीच चुनखडीच्या, त्यात लोह न मिळाल्याने केळीची कोवळी पानं पिवळी पडतात.

आधी भुशाचं एकच पोतं कालवून पाहा. राख हातात भुसभुशीत लागली तर प्रमाण बरोबर. खडे राहिले तर 100 किलो भुशामागे अर्धा किलो वाढवा, पण 3 किलोंच्या पुढे जाऊ नका.