बेघर मनोरुग्णांसाठी गावात घर सुरू करताय? आधी या चुका टाळा

रस्त्यावर दिवस काढलेल्या, तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसांसाठी गावात भाड्याचं घर घ्यायचं. तिघा-चौघांनी तिथं मिळून राहायचं आणि आपल्यापैकी कुणीतरी रोज जाऊन-येऊन लागेल ती मदत करायची. काम एवढंच आहे. विदर्भातल्या खेड्यात त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, भाडंही परवडतं. तरीसुद्धा नव्यानं सुरू झालेली घरं वर्षभरात बंद पडताना मी बघते आणि कारणं दरवेळी तीच निघतात.

बाहेरून कडी लावणं

"रात्री निघून गेला तर?" हा पहिला प्रश्न. मग दाराला बाहेरून कडी येते, चौकीदार येतो, भिंतीवर वेळापत्रक लागतं. सहा वाजता प्रार्थना, आठला गोळ्या, नऊला दिवे बंद. महिनाभरात त्या घराचं लहानसं इस्पितळ होऊन जातं आणि ज्याला घर म्हणून आणलं तो संधी मिळताच निघून जातो. कडी असते म्हणूनच जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम १९ नं या माणसांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. साखळीनं बांधून ठेवायला त्याच कायद्यानं पूर्ण बंदी घातली आहे. शिवाय तुम्ही एकाच इमारतीत माणसं ठेवून उपचार सुरू केलेत तर ती मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि तिची नोंदणी करावी लागते. हे माहीत नसताना "पुनर्वसन केंद्र" अशी पाटी लावणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. मराठीत मिळतो.

आमच्याकडे पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात घराची किल्ली पडते. हरवली तर दुसरी करून देतो. आधी बरा हो, नीट वाग, मग घर देऊ, हा क्रम उलटा आहे. न्यू यॉर्कमध्ये १९९२ साली काही लोकांनी तो बदलून पाहिला: आधी घर, मग बाकीचं सगळं. पुढे कॅनडानं २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून जास्त माणसांवर त्याची नीट चाचणी घेतली. ज्यांना आधी घर मिळालं ती माणसं घरात कितीतरी जास्त टिकली. आपल्याकडे चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं २०१५ पासून 'होम अगेन' या नावानं साध्या वस्तीत, साध्या भाड्याच्या घरात चार-पाच जणांना एकत्र राहायला मदत केली. वर्षानुवर्षं इस्पितळात अडकलेली माणसं त्या घरांतून बाजारहाट करू लागली. त्यामुळे "आपल्या देशात हे जमणार नाही" हे मला कुणी सांगू नये.

गावाबाहेरचं घर आणि घरमालकाशी खोटं बोलणं

वावरातलं रिकामं घर फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. पानठेला, एसटीचा थांबा आणि किराणा दुकान पायी जाण्याच्या अंतरावर हवं. घरमालकाला, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधीच खरं सांगा. "कंपनीचे मजूर आहेत" असं सांगून घेतलेलं घर पहिल्या भांडणात जातं.

घरी पोचवण्याची घाई

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण ती चांगल्या मनानं होते आणि तिचं नुकसान सगळ्यात मोठं असतं.

वर्धा-बल्लारशा मार्गावरच्या एका स्टेशनात एक काका बरीच वर्षं राहत होते. एका उत्साही गटानं त्यांना दवाखान्यात नेलं. औषधं लागू पडली, दोन-तीन आठवड्यांत काका थोडंथोडं बोलायला लागले. आधार काढायला नेलं तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि पत्ता हाती आला. बुलढाणा जिल्ह्यातलं गाव. लगेच गाडी ठरली, हार आले, पेढे आले. गटातल्या मुलांना मी विचारलं होतं, भावाशी कोण बोललं आणि काय बोललं? "ताई, भाऊ तर फोनवर रडला. अजून काय पाहिजे?"

भाऊ खरंच रडला असेल, त्याच्या रडण्यावर माझा संशय नाही. पण मधल्या काळात काकांचा सात वर्षांहून जास्त पत्ता नाही म्हणून कोर्टातून त्यांना मृत ठरवलं गेलं होतं. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली होती आणि जमिनीचा एक तुकडा विकून पुतणीचं लग्नही झालं होतं. काका हिस्सा मागायला आलेत असं तोंडानं कुणी म्हटलं नाही, पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांची खाट ढोरांच्या कोठ्यात गेली. सोबत दिलेल्या पंधरा दिवसांच्या गोळ्या संपल्या. पुढच्या गोळ्यांसाठी दोन एसट्या बदलून जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागत होतं, आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत घरातल्या कुणाला तेवढी सवड नव्हती. काकांना पुन्हा आवाज ऐकू यायला लागले. ते निघून गेले.

आम्हाला सापडले तेव्हा पायाच्या जखमेत अळ्या होत्या. या वेळी ते नाव सांगायलाही तयार नव्हते. का सांगतील? मागच्या वेळी नाव सांगितल्यावर काय झालं हे त्यांच्या लक्षात होतं. दवाखान्यात येऊन एक गोळी घ्यायला त्यांनी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लावले. पहिल्या गटाकडे मात्र हारांचे फोटो होते आणि पेपरात बातमी आली होती.

कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या माणसांना घरी पोचवण्याचं त्यांचं काम वाचून अनेक मुलं पेटून उठतात, याचा मला आनंदच आहे. पण तिथं मनोविकारतज्ज्ञ असतात आणि उपचार आधी होतात. आपण त्यातला शेवटचा प्रवास तेवढा उचलतो.

मी काय करते ते सांगते. घरच्यांना केलेल्या पहिल्या फोनवर "घेऊन येतो" हे शब्द मी उच्चारत नाही. तब्येत सांगते, औषधांचं सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर जमिनीचं विचारते, हा झोपेल कुठे, याच्या गोळ्या कोण आणेल ते विचारते. जमीन म्हटल्यावर फोन ठेवणारे घरचे मला निदान खरं तरी कळवतात. मग घरच्यांपैकी एकाला आमच्याकडे बोलावते. त्यानं इथं मुक्काम करावा, सोबत जेवावं, गोळ्या कशा घेतो ते बघावं. त्यानंतर माणूस दोन-तीन दिवसांसाठी गावी जातो, आणि परतीच्या भाड्याचे पैसे त्याच्याच खिशात असतात. त्याच्या जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांशी बोलून पुढची औषधं पक्की झाल्याशिवाय कायमचं जाण्याची गोष्ट मी काढत नाही. आणि हे सगळं करण्याआधी त्या माणसाला विचारते, तुला जायचं आहे का? बायांच्या बाबतीत तर हा प्रश्न दहादा विचारावा लागतो. नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं, किंवा घर सोडलं तेच मार खाऊन.

ते काका आता आमच्या एका घरात राहतात. दिवाळीला भावाकडे जातात, चार दिवसांनी परत येतात. "तठी पाहुना म्हनून गेलेलं बरं, मान भेटते," असं त्यांचं म्हणणं. भाऊही येतो, येताना तुरीची डाळ आणतो. याला मी पुनर्मिलन म्हणते.

हरवल्याची नोंद मात्र टाळू नका. बेघर मनोरुग्ण सापडला की पोलिसांत हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर व्हायला हवा आणि घरच्यांचा शोध घेणं हे ठाणेदारांचं काम आहे, असं त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० सांगतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. कलमाची झेरॉक्स पिशवीत ठेवा. ठाण्यात वाद घालण्यापेक्षा ती पुढे सरकवलेली बरी.

उन्हाळ्याकडे दुर्लक्ष

चेन्नईचं किंवा मुंबईचं प्रशिक्षण घेऊन आलेली मुलं इथं चुकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, नवतप्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. या माणसांच्या औषधांचं आणि उन्हाचं जमत नाही. हातापायांचा ताठरपणा कमी करायला देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे घाम कमी येतो. मनोविकाराची काही औषधं अंगातली उष्णता बाहेर टाकण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते. आणि मनाचे टोकाचे चढउतार आवरायला देतात ते लिथियम सगळ्यात नाजूक. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि औषधाचं विष होतं.

शेजारच्या तालुक्यातल्या एका गटानं टिनाच्या छपराचं घर घेतलं होतं. तिथला एक तरुण लिथियमवर होता आणि तेंदूपत्त्याच्या कामाला जायचा. काम करतोय म्हणून सगळे खूश. एक दिवस अंग दुखतंय म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेला, त्यांनी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, हात जोरानं थरथरायला लागले, पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. शेजारी म्हणाले, मोहाची मारली. गटातल्या मुलांनी तेच खरं मानलं, त्याला रागावले आणि त्याच टिनाखाली झोपवलं. संध्याकाळी तो हाकेला ओ देईना तेव्हा जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. लिथियमची पातळी विषारी टप्प्यात गेलेली होती. ऊन, उलट्या आणि ते इंजेक्शन, तिन्ही मिळून. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी लिथियम वाढतं. पोरगा वाचला, पण मूत्रपिंडं सावरायला वेळ लागला.

थरथर आणि लटपट दिसली की आधी गोळ्यांची चिठ्ठी बघा, दारूचा विचार नंतर. आमच्याकडे लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असतं: "लिथियम सुरू आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये." गावातल्या डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदाराला आणि आशाताईंना ते मी स्वतः जाऊन सांगते. होळी झाली की सगळ्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेते आणि लिथियमची रक्ततपासणी करून घेते. डोस आपल्या मनानं कमी-जास्त करायचा नाही, एक दिवसही नाही. मीठ एकदम तोडायचं नाही. घर कौलारू किंवा स्लॅबचं, टिनाचं असेल तर मी भाड्यानं घेतच नाही. कामं सकाळी दहाच्या आत. आणि उन्हाळ्यात माझी फेरी भर दुपारी असते. सकाळी सगळी घरं थंडच असतात, तेव्हा जाऊन काही कळत नाही.

पहिल्याच दिवशी बिडी बंद करणं

व्यसनमुक्तीचा उत्साह आवरा. क्लोझापिन हे मनोविकाराचं औषध घेणाऱ्यानं बिडी एकदम सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, कारण धुरामुळे ते औषध शरीरातून लवकर निघून जात असतं. सोडायची असेल तर डॉक्टरांना सांगून सोडा. खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात, धूर नसल्यानं त्याचा हा परिणाम होत नाही, पण दातांचं काय होतं ते आपण बघतोच. क्लोझापिनवाल्याला ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासा, वाट बघू नका.

फवारणीचं औषध घरात

कपाशीच्या गावात हे कुठंही पडलेलं सापडतं. घरमालकाचा डबा मागच्या खोलीत असेल तर राहायला जाण्याआधी तो हलवा. यात तडजोड नाही.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

आधार, बँकेचं खातं, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, मग संजय गांधी निराधार योजना, या क्रमानं पहिल्याच महिन्यात लागा. मानसिक आजारही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. खातं त्याच्या नावावर, पासबुक त्याच्याकडे. त्यानं पहिल्या पैशातून जलेबी खाल्ली तर खाऊ द्या.

व्हिडिओ

जटा कापतानाचे, आंघोळ घालतानाचे व्हिडिओ टाकू नका. बरं झाल्यावर ते त्यालाही दिसतात, त्याच्या मुलीच्या सासरीही दिसतात.

निघून गेला की खोली दुसऱ्याला देणं

माणसं अधूनमधून जातात. याला अपयश समजून लगेच नवा माणूस आणणाऱ्यांशी माझं भांडण होतं. त्याच दिवशी ठाण्यात नोंद करा. फोटो घेऊन जवळची स्टेशनं, बसस्थानकं आणि देवळांचे भंडारे फिरा. पानठेलेवाल्यांना सांगून ठेवा, त्यांना सगळं आधी कळतं. तीन महिने तरी त्याचं भाडं सुरू ठेवा आणि सामानाला हात लावू नका. आमच्याकडे परत आलेल्यांतले बरेच जण स्वतःच्या पायांनी आले, कारण त्यांच्याकडे किल्ली होती. परतल्यावर कुठे गेला होतास म्हणून उलटतपासणी नको. आधी जेवण, दुसऱ्या दिवशी दवाखाना. गोळ्या किती दिवस चुकल्या ते डॉक्टरांना नीट सांगा. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त बंद राहिलं असेल तर जुना डोस एकदम द्यायचा नसतो, अगदी कमीपासून पुन्हा चढवावा लागतो.