रिसर्चला एआय वापरताय? लायब्ररीत शेवटी नको, आधी जा! या चुका टाळा

चॅटजीपीटी, जेमिनी, परप्लेक्सिटी असलं काहीतरी आता रिसर्च करणारे बरेचजण वापरतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण क्रम उलटा होतो. आधी एआयला विचारायचं, मग भराभर चॅप्टर लिहून काढायचं, मग गाईडला दाखवायचं, आणि ग्रंथपालांची आठवण येते ती थेट प्लेजिअरिझमचा, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का याचा, रिपोर्ट हवा असतो तेव्हा. तोवर सबमिशन डोक्यावर आलेलं असतं आणि खोटे रेफरन्स पार तिसऱ्या चॅप्टरपर्यंत मुरलेले असतात. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

एआयनं दिलेला रेफरन्स तसाच चिकटवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा तुम्ही विचारलं की सोलापूरच्या विडी कामगार महिलांच्या आरोग्यावर दहा रिसर्च पेपर दे. लगेच दहा मिळतात, लेखक, वर्ष, जर्नल, पान नंबर सगळं एकदम व्यवस्थित. पण चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत जातं. सर्चची सोय जोडलेली नसेल तर ते कुठल्या कपाटात जाऊन बघून येत नाही, आणि सर्च असला तरी कुठल्या पेपरात काय लिहिलंय याची सरमिसळ करू शकतं. त्यामुळं लेखक खरा, जर्नलही खरं, पण त्या लेखकानं त्या जर्नलमध्ये तसला पेपर लिहिलेलाच नाही, असं होतं. पूर्ण खोटं असतं तर पकडायला सोपं गेलं असतं, हे अर्धवट खरं असतं म्हणून फसायला होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. त्यातल्या एकानं तर चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हा खटला खरा आहे का, आणि ते हो म्हणालं होतं! म्हणजे "हे खरं आहे का" असं त्यालाच परत विचारणं हे व्हेरिफिकेशन नाही.

मग तपासायचं कसं? डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर, दिला असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका आणि नुसता उघडतोय का एवढंच बघू नका, तोच पेपर उघडतोय का ते बघा, कारण बऱ्याचदा नंबर खरा असतो पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी पेपरचा. डीओआय नसेल तर पूर्ण टायटल अवतरण चिन्हात घालून गुगल स्कॉलरवर शोधा. तिथं नुसतं "सायटेशन" असं लिहिलेली, लिंक नसलेली नोंद दिसली तर हुरळून जाऊ नका, कुणीतरी तो रेफरन्स आपल्या यादीत टाकलाय एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या माणसानंही एआयवरूनच उचलला असेल तर? शेवटी त्या जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून बघा. तिथंही नाही सापडलं तर रेफरन्स घेऊन ग्रंथपालांकडे जा, हे शोधणं त्यांचं रोजचं काम आहे.

पीएचडीचा थिसीस असेल तर शोधगंगेवर बघा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं आणि देशभरातले थिसीस तिथं आहेत. एआयनं सांगितलेला थिसीस शोधगंगेवर नाही म्हणजे तो नाहीच असं नाही, जुने बरेच अजून चढलेले नाहीत, पण मग तो ज्या विद्यापीठाचा आहे तिथल्या लायब्ररीतून खात्री केल्याशिवाय वापरू नका.

"सोलापूर" एवढंच टाईप करून थांबणं

इंग्रजांच्या काळातल्या कागदांत आणि स्वातंत्र्यानंतरच्याही कितीतरी लिखाणात आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग "शोलापूर" असं आहे. १८८४ चं गॅझेटियर त्याच नावानं आहे. विडीचंही इंग्रजीत दोन-तीन प्रकारे स्पेलिंग करतात. आजचं एकच स्पेलिंग टाकून शोधलं की गिरण्यांच्या काळाचं निम्मं साहित्य दिसतच नाही, आणि मग लोक बिनधास्त लिहून टाकतात की या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही. व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी एक जरी पेपर काढून दाखवला की झालं.

इथं मात्र एआय खरंच कामाला येतो. त्याला म्हणा की माझ्या विषयाचे सगळे पर्यायी शब्द, जुनी स्पेलिंग, जवळचे विषय दे, आणि ती यादी घेऊन लायब्ररीत बसा. कॅटलॉगमध्ये काय टाकायचं, डेटाबेसमध्ये काय टाकायचं हे तिथं दोघं मिळून ठरवा. आणि जे ऑनलाईन आलेलंच नाही ते एआयला माहीत असण्याचं कारणच नाही. जुन्या मराठी पुस्तकांसाठी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात चक्कर मारा, पायी जायचं काम आहे ते.

फुकट मिळणाऱ्या जर्नलला पैसे मोजणं, नाहीतर नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचणं

पेपर लॉक दिसला की लोक एआयला म्हणतात याचा सारांश दे, आणि त्याच्या हाताशी पण सुरुवातीचा गोषवारा म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्टच असतो. बाकीचं ते मनानं भरतं. जर्नल मोफत वाचायला देणारी केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल त्यात आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, घरून लॉगिन मिळतं का, हे लायब्ररीत विचारा. विद्यापीठाच्या लायब्ररीसाठी केगावपर्यंत रोज जाणं सगळ्यांना कुठं जमतं. फक्त एक लक्षात ठेवा, लायब्ररीच्या लॉगिननं उतरवलेली पीडीएफ दिसेल त्या एआय साईटवर अपलोड करायची नाही, बऱ्याच प्रकाशकांच्या अटी असतात.

मराठी पीडीएफ एआयला देणं आणि उत्तरावर विश्वास ठेवणं

याबद्दल फार कमी लोक बोलतात. जुने मराठी थिसीस, अहवाल श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला अक्षरं कळतील असा कोड, नसतंच. एआयला ते नुसतं चिन्हांचं कडबोळं दिसतं, आणि तरी ते "मला वाचता येत नाही" असं दर वेळी म्हणत नाही, टायटलवरून अंदाज बांधून छान सारांश लिहून देतं. टेस्ट सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कचरा आला तर एआयलाही कचराच जातोय, आणि ओळ सिलेक्टच होत नसेल तर ते स्कॅन आहे. मग कन्व्हर्टर वापरा किंवा गुगल ड्राईव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडा, मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, बऱ्यापैकी होतं. त्यानंतरही जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासा, १ चा ९ व्हायला वेळ लागत नाही आणि टेबलमध्ये तसं झालं की सगळं गणितच बिघडतं.

मुलाखती जशाच्या तशा अपलोड करणं

सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन यंत्रमाग कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि रेकॉर्डिंग सरळ फुकटच्या ट्रान्सक्रिप्शन साईटवर टाकलं. त्यात नाव, घर, मालकाचं नाव, कर्ज किती, सगळं आलं. त्या बाईनं परवानगी तुम्हाला दिली होती, त्या कंपनीला नाही. आधी नावं काढून कोड द्या, आणि संमतीच्या फॉर्ममध्ये कुठलं टूल वापरणार ते लिहा.

दुसरी अडचण आपल्या सोलापूरचीच. इथं माणूस एका वाक्यात तेलुगू सुरू करतो, मधे मराठी, शेवट हिंदीत, कधी कन्नडही. टूल त्याचं गुळगुळीत पुस्तकी मराठी करून टाकतं, तेलुगूचा भाग गाळतं नाहीतर भलतंच लिहितं. वाचताना मजकूर इतका स्वच्छ वाटतो की शंकाच येत नाही, आणि तुमचा खरा डेटा तर त्या मिसळीतच होता. ऑडिओ ऐकत ट्रान्सक्रिप्ट तपासायला भाषा येणारं माणूस शेजारी बसवा. याला शॉर्टकट नाही ओ.

"सिमिलॅरिटी कमी आली, म्हणजे सुटलो"

यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० मध्ये थिसीस सुधारून परत द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर सबमिशन बंद, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. रेफरन्सची यादी, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात मोजत नाहीत. पण हा आकडा फक्त जुळणाऱ्या मजकुराचा. एआयनं लिहिलेलं कशाशीच जुळत नाही म्हणून २ टक्के आलं, तरी गाईडनं विचारलं की हे वाक्य तुझं का, तर काय सांगणार? उलट बाजूही आहे. एआय ओळखणारी टूल्स स्वतः लिहिणाऱ्यालाही पकडतात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना जास्तच, आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असलं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं.

त्यामुळं आपली बाजू सांभाळायची तर पुरावा ठेवा. कच्चे ड्राफ्ट तारखेसकट ठेवा, कुठलं टूल कशासाठी वापरलं, काय विचारलं हे एका वहीत नाहीतर फाईलमध्ये लिहीत जा. रेफरन्स झोटेरो या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, फुकट आहे, आणि एखादा पेपर नंतर मागे घेतला गेला असेल तर लाल पट्टी दाखवतं. जर्नलला पाठवताना एआयला लेखक म्हणून टाकू नका, बहुतेक जर्नल ते घेत नाहीत, वापर कुठं केला ते मात्र लिहून मागतात. आणि प्लेजिअरिझमचा रिपोर्ट पूर्ण थिसीस झाल्यावरच काढायचा असा काही नियम नाही, पहिल्या चॅप्टरनंतरच लायब्ररीत विचारून बघा की ड्राफ्ट तपासून मिळतो का.