दोन-तीन शेवट असलेली गोष्ट लिहिताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात एकांकिका करणारी पोरं असूदेत नायतर कॉलेजच्या प्रोजेक्टला गेम बनवणारी, स्क्रिप्ट हातात दिली की पहिलं वाक्य ठरलेलं, "दादा, आपल्या स्टोरीला चार एंडिंग हायत." गोष्ट काय आहे ते नंतर सांगतात. चार कशाला पाहिजेत विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मी अशी स्क्रिप्टं वाचतो, गेम खेळून बघतो, आणि त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदा सगळं लिहितोय. स्क्रिप्ट द्यायच्या आधी हे वाचा.

शेवटच्या स्क्रीनवर तीन बटणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळजवळ प्रत्येक नवीन टीम ती करते. गेमभर खेळणाऱ्याला ढीगभर प्रश्न विचारायचे, याच्याशी खरं बोलणार का, त्याला मदत करणार का, आणि शेवटाला तीन बटणं द्यायची, जे दाबाल तो शेवट. मग आधीचा तासभर आम्ही खेळलो कशासाठी? 2012 ला मास इफेक्ट 3 आला तेव्हा लोक भडकले ते याच कारणानं. 2007 पासून तीन गेममध्ये एकच सेव्ह पुढं नेत नेत घेतलेले निर्णय, आणि शेवटी काय, रंग बदललेले तेच व्हिडिओ, अशी लोकांची भावना झाली. त्याच वर्षी कंपनीला शेवट वाढवून एक्स्टेंडेड कट फुकट द्यावा लागला. एवढ्या मोठ्या टीमला जे पचलं नाही ते तुमच्या हॉस्टेलच्या रूममध्ये एका रात्रीत पचणार आहे का.

आपल्याकडचंच सांगतो. एका टीमनं 2019 च्या महापुरावर गेम केलता आणि आयडिया खरंच भारी होती. आंबेवाडी-चिखलीच्या बाजूचं गाव, घरात आई आणि आजोबा, तुम्ही बारावीतली पोरगी, गोठ्यात चार म्हशी, आणि पंचगंगा चढायला लागलीय. वरच्या कोपऱ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी दिसत राहते, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, आपल्या माणसाला हे आकडे हलताना दिसले की पोटात गोळा येतोय, वेगळं म्युझिक लावायची गरजच नाही. आजोबा म्हणतात, "2005 ला पायरीपातुर आलतं, ह्याच्यावर येत न्हाई." इथपर्यंत मी खुश होतो. आणि मग दारात बोट येते आणि तीन बटणं. म्हशी सोडून बोटीत बस. घरातच थांब. दावी कापून मग बस.

मी मुद्दाम वाईट खेळून बघितलं. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर देतो म्हटलं, नको म्हणालो. आजोबांशी एकदाही बोललो नाही, त्यांची औषधं बॅगेत टाकली नाहीत, मोबाईल चार्जला लावला नाही. शेवटी तिसरं बटण दाबलं आणि सगळे वाचले, म्हशी पोहत काठाला, आजोबा नातीच्या डोक्यावरनं हात फिरवतायत. पोरांना विचारलं हे कसं काय, तर म्हणे चॉइस दिलाय की. अरे पण ज्या नातीनं आजोबांना पाणी सुद्धा विचारलं नाही तिच्या डोक्यावर हात कुठल्या मायेनं येणार, आणि ज्यांनी तो पूर बघितलाय ते तुमचा गेम खेळणार आहेत, त्यांना माहीत आहे की जनावरं वाचली ती ज्यांनी आदल्या दिवशी हालचाल केली त्यांची वाचली.

मी ती बटणंच काढायला लावली. शेवटच्या स्क्रीनवर काही विचारायचं नाही. पाणी 39 ला असताना ट्रॅक्टर घेतला का, आजोबांचं ऐकून घेतलं का, दावी आधी सैल केली का, एवढी नोंद ठेवा आणि बोट येईल तेव्हा जे झालंय तेच दाखवा. आजोबा बोटीत पाय टाकतात का उंबऱ्यावर बसून राहतात हे आधीच्या बोलण्यावर ठरलं पाहिजे. टीममध्ये यावरनं जोरात भांडणं झाली, एकाचं म्हणणं खेळणाऱ्याच्या हातात काही राहत नाही, पण नवीन व्हर्जन खेळायला दिलं तेव्हा लोक 40-41 फुटालाच थांबून विचार करायला लागले, जे आधी कोणी करतच नव्हतं.

ज्याला हे नीट शिकायचंय त्यानं सायलेंट हिल 2 बघावा, 2001 चा. तिथं गेम तुमच्याकडनं शेवट निवडून घेत नाही, तुमच्या सवयी बघतो. जखमी अवस्थेत तसंच फिरत राहिलात, अँजेला नावाच्या पात्राचा चाकू परत परत काढून बघितलात, की तुम्ही गेमच्या हिरोला सगळ्यात अंधाऱ्या शेवटाकडं ढकलत असता आणि तुम्हाला त्याची कल्पना पण नसते.

"आमचा चांगला शेवट येतच नाही, सॉफ्टवेअर बिघडलंय"

सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. अटी उलट्या क्रमानं लिहिलेल्या असतात. समजा वागण्यावरनं विश्वासाचे गुण मोजताय. गुण 3 पेक्षा जास्त असतील तर साधा शेवट, नायतर 7 पेक्षा जास्त असतील तर चांगला, असं लिहिलं की 9 वाला पण पहिल्याच अटीत अडकतो, दुसरीपर्यंत पोचतच नाही. कडक अट आधी, ढिली नंतर, आणि तळाला एक शेवट असा ठेवा जो काहीच जुळलं नाही तर येईल. ट्वाइनमध्ये, म्हणजे फांद्यांच्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळीकडं नुसतं इफ (जर) लावलं आणि एल्स-इफ (नायतर जर) विसरलात तर उलटा प्रकार होतो, दोन शेवट एकाखाली एक छापले जातात, वर माणूस वारला आणि खाली तोच घरी पोचला. रेनपाय हे चित्रं-संवादाचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी बदलणारं व्हेरिएबल, म्हणजे नोंद ठेवायचा कप्पा, डिफॉल्ट या शब्दानं बनवायचं, डिफाइननं नाही. डिफाइन न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे, त्याची किंमत सेव्हमध्ये जात नाही, मग खेळणाऱ्यानं गेम बंद करून परत लोड केला की त्याचं सगळं वागणं पुसलं जातं. कुठले शेवट बघून झाले ते पर्सिस्टंटमध्ये, म्हणजे नवीन गेम सुरू केला तरी टिकणाऱ्या नोंदीत ठेवा.

आणि टेस्ट करताना थेट शेवटच्या सीनवर उडी मारू नका. मला याचा फार राग येतो. प्रत्येक शेवट पहिल्या स्क्रीनपासून खेळत गाठायचा, कंटाळा आला तरी. तुम्हालाच कंटाळा येत असेल तर खेळणाऱ्याला येणारच, म्हणजे मधला भाग कापायची वेळ झालीय.

फांद्या वाढवत सुटू नका. दोन पर्यायांचे दहा प्रश्न आणि प्रत्येकाला वेगळी वाट म्हटलं तर 1024 वाटा होतात, कोण लिहिणार? वाटा परत एकत्र आणा, फक्त नोंद वेगळी राहूदे.

हिरो मेला म्हणजे तो शेवट झाला असं नाही. तो गेम ओव्हर. यादीत मोजू नका.

दुसरा शेवट म्हणजे पहिल्याचं गोड व्हर्जन

एकांकिकावाल्यांची ही आवडती चूक. दु:खी शेवट लिहितात, मग प्रयोगाला आलेलं कोणीतरी म्हणतं जरा पॉझिटिव्ह करा, की शेवटची दोन पानं बदलतात, बाकी तेच. नाहूम टेटनं 1681 ला शेक्सपिअरच्या किंग लिअर या शोकांतिकेचं हेच केलं, लिअरची मुलगी कॉर्डेलिया जिवंत, तिचं लग्न, लिअरला राज्य परत, आणि दीडशेएक वर्षं रंगभूमीवर तेच चाललं. आज ते कोण करतं?

याच्या उलट संस्कृत नाटककार भवभूती बघा. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीत जाते. उत्तररामचरित या नाटकात भवभूती राम-सीतेला परत भेटवतो, म्हणजे त्यानं पण शेवट गोडच केला, पण कसा केला ते बघा. पहिल्या अंकात दोघं जुनी चित्रं बघत बसतात. तिसऱ्या अंकात राम सीतेसाठी रडतोय आणि ती तिथंच आहे, त्याला दिसत नाही, ती सगळं ऐकतेय. त्याच्या तोंडून आलेलं दु:ख तिनं स्वतः ऐकलंय, म्हणून सातव्या अंकात नाटकातलं नाटक उभं राहतं आणि ती परत येते तेव्हा आपण ते मानतो. शेवट बदलायचा म्हणून त्यानं तिसरा अंक लिहिला! तुम्ही शेवट बदललात तर मधलं काय बदललंत, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तर नसेल तर वही परत देतो.

शोलेचं पण हेच. 1975 ला सेन्सॉरमुळं शेवट बदलावा लागला, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, आपण वर्षानुवर्षं बघितला त्यात ऐनवेळी पोलीस येतात. सगळा सिनेमा ठाकूरच्या त्या क्षणाकडं चाललेला असतो, म्हणून पोलीस चिकटवल्यासारखे वाटतात.

एका संध्याकाळी चार शेवट लिहून आणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा, हेमिंग्वेच्या अ फेअरवेल टू आर्म्सच्या शेवटाचे 47 मसुदे 2012 च्या आवृत्तीत छापलेत, आणि कादंबरीत ठेवला एकच.

खेळणाऱ्यांनो, तुम्ही पण

पहिल्यांदा खेळताना यूट्यूबवर "ऑल एंडिंग्ज" बघू नका. तुमच्या वागण्यातनं आलेला पहिला शेवट, वाईट असला तरी, तोच तुमचा. गाईड दुसऱ्या वेळी उघडा. सेव्ह एकाच स्लॉटवर मारत जाऊ नका, प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी नवीन स्लॉट. घाई करू नका, फार क्राय 4 मध्ये सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर थांब म्हणतात तर खरंच पंधराएक मिनिटं थांबून बघा, तिथंच एक शेवट आहे, आणि पळून जाणाऱ्यांना तो दिसतच नाही.

आणि क्रेडिट आले म्हणजे गेम संपला असं समजून डिलीट मारू नका. नियर ऑटोमाटा, 2017 चा, त्यात ए पासून झेडपर्यंत 26 शेवट आहेत, मुख्य पाच, ए ते ई, आणि कितीतरी लोक ए झाल्यावर "बघितला" म्हणून सोडून देतात, जेव्हा गोष्ट खरी तिथनं पुढं उघडते. ई पर्यंत जावा, सेव्ह फाइल तोपर्यंत जपून ठेवा, आणि तिथं गेम तुम्हाला काय विचारतो ते आधी कुणाकडनं ऐकू नका, मीही सांगणार नाही.