वीरगळापासून सुरुवात: गावाचा इतिहास मुलांना कसा शिकवावा

मराठवाड्यातील शाळेत स्थानिक इतिहास शिकवताना देवगिरी, पैठण किंवा तेरपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. ती स्थळे सहलीसाठी राखून ठेवावीत आणि सहावी-सातवीच्या मुलांना आधी पायी जाता येईल अशा एकाच वस्तूजवळ न्यावे. अनेक गावांत मारुतीच्या पाराशी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा असतो; रोज त्यापुढून जाणाऱ्या मुलांनी तो नीट पाहिलेला नसतो.

वीरगळ खालून वर वाचायचा, एवढीच सूचना देऊन मुलांना थोडा वेळ गप्प पाहू द्यावे. खालच्या चौकटीत लढाई असते आणि तिथे गायी कोरलेल्या असतील, तर तो वीर बहुधा गोधन सोडवताना पडलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते, म्हणून हा तास परिपाठ संपताच घ्यावा. दगडाला खडू किंवा तेल लावू नये. टेपने उंची मोजून चित्र काढावे. शेंदूर असल्यास खरवडू नये, कारण गाव त्या दगडाला आज देव मानते, हीदेखील वहीत लिहिण्याजोगी नोंद आहे. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. तेव्हा वीराचे नाव ठाऊक नाही, असे मुलांना सरळ सांगावे आणि गावातील आख्यायिका ‘लोक सांगतात’ अशा वेगळ्या रकान्यात लिहून घ्यावी.

हाच रकाना पुढे म्हाताऱ्या माणसांशी बोलताना उपयोगी पडतो. त्यांना साल विचारू नये. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठे होता’ असे विचारावे आणि १९७२ व १९९३ या खुणांभोवती बाकीच्या घटना मुलांकडून लावून घ्याव्यात.

१७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची तयारी मात्र जपून करावी. मराठवाडा ज्याचा भाग होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, त्याआधी रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव अत्याचार केले आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, अनेक निरपराध मुस्लीम कुटुंबांनाही सोसावे लागले. वर्गात दोन्हीकडची नातवंडे बसलेली असतात, त्यामुळे कोणत्याही मुलाला आपल्या घराच्या वतीने उत्तर द्यायला उभे करू नये.

निजामकाळातील अनेक कागद उर्दूत, काही मराठीच्या जुन्या मोडी लिपीत असतात. शाळेचे जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर उर्दूत निघाले, तर ते वाचू शकणाऱ्या गावातीलच एखाद्या आजोबांना वर्गात बोलवावे. मूळ रजिस्टर मुलांच्या हाती न देता आधी काढलेल्या छायाप्रतींवर काम करावे आणि जात, जन्मतारीख असे रकाने झाकून फक्त गावांची नावे व पालकांचे व्यवसाय वाचावेत.