जुन्या आउटबोर्डवर बॅटरी उकळतेय? आधी मीटर लावा

गोसीखुर्दच्या पाण्यात जुनं आउटबोर्ड (मागं लावायची मोटर) लावून डोंगा चालवता आणि बॅटरीतलं पाणी सारखं आटतं, सडक्या अंड्यांसारखा वास येतो? लगेच नवी बॅटरी घेऊ नका.

1. इंजिन रात्रभर बंद ठेवून बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास हवं. चार्ज करूनही 10.5 च दाखवलं तर एक सेल गेला, बॅटरीच बदला.

2. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढा, नट आवळा. रेग्युलेटरची (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) अर्थिंगही बघा, बिघाड बरेचदा तिथंच असतो.

3. डोंगा पाण्यात ठेवूनच इंजिन चालवा (कोरडं चालवलं की इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चाक, जळतो), रेस वाढवून पुन्हा मोजा. 14.5 पर्यंत ठीक. 15 च्या वर गेलं की ओव्हरचार्जिंग.

रेग्युलेटर असेल तर तो बदला. पण कितीतरी जुन्या मोटरींत नुसता रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो, रेग्युलेटर नसतोच. तिथं मेंटेनन्स-फ्री बॅटरी नको. पाणी टाकायची घ्या, डिस्टिल्ड वॉटर बघत राहा, लांब पल्ल्याला दिवा चालू ठेवा, म्हणजे जादा करंट त्यात खर्च होतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघू नका, रेक्टिफायर उडतो. आणि बिडी लांबच, बॅटरीतून निघणारा गॅस पेटतो.