स्पॅनिश भाषकांचे ‘मोअर टॉल’ कसे सुटले: माझा अनुभव

माद्रिदमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवताना सर्वांत चिवट ठरले ते ‘मोअर टॉल’ आणि ‘मोअर बिग’. स्पॅनिशमध्ये विशेषण लहान असो वा मोठे, त्याआधी ‘मास’ लावले की तुलना होते आणि त्याच्याही आधी ‘एल’ किंवा ‘ला’ आले की तेच रूप श्रेष्ठतादर्शक ठरते. त्यामुळे ‘टॉलर’ आणि ‘टॉलेस्ट’ ही दोन रूपे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न मला रास्तच वाटे. (मराठीत तर ‘पेक्षा’ जोडले की विशेषणाला हातही लावावा लागत नाही.)

फळ्यावर नियम लिहून काही साधले नाही. उपाय सापडला तो त्यांच्याच ‘मेखोर’ (अधिक चांगले) आणि ‘पेओर’ (अधिक वाईट) या शब्दांत, कारण ही रूपे ‘मास’शिवायच तुलना दाखवतात. ‘मास मेखोर’ त्यांच्या कानाला लगेच खटकते. ‘मोअर टॉलर’ इंग्रजी कानाला तसेच खटकते आणि इंग्रजीतली बहुतेक छोटी विशेषणे ‘मेखोर’च्याच वळणाने जातात, असे सांगताच गाडी रुळावर आली.

श्रेष्ठतादर्शकासाठी ३७१५ मीटर उंचीचा तेइदे हा स्पेनमधला सर्वांत उंच पर्वत कामी आला. ‘द मोस्ट हाय माउंटन ऑफ स्पेन’ हे वाक्य ‘द हायेस्ट माउंटन इन स्पेन’ असे सुधारताना स्थळासाठी ‘इन’ आणि ‘ऑफ द थ्री’सारख्या मोजक्या वस्तूंसाठी ‘ऑफ’ हा भेदही स्पष्ट झाला. ‘दॅन’च्या जागी ‘दॅट’ मात्र अजूनही डोकावते, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचे काम एकटा ‘के’ करतो.