टोकियोत नवीन येताय? आधी कचऱ्याचं कॅलेंडर फ्रिजवर लावा

पुण्या-मुंबईहून आयटीवाली मंडळी येतात आणि बरेच जण निशी-कासाईलाच घर शोधतात, कारण तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाची, म्हणजे ऑफिसांचा भाग, जवळ पडतो आणि डाळ-तांदूळ, कढीपत्ता सगळं मिळतं. कागदपत्रांचं पटकन सांगते. एअरपोर्टवर झाइर्यू कार्ड, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं ओळखपत्र, मिळेल, ते कायम जवळ ठेवायचं, आणि घरात राहायला गेलात की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. घरासाठी यूआर या सरकारी संस्थेच्या भाड्याच्या बिल्डिंगा आधी बघा, तिथे जामीनदार लागत नाही आणि रेइकिनही नाही, म्हणजे घरमालकाला जे पैसे देऊन विसरून जायचे असतात ते.

आता मुख्य गोष्ट, कचरा. वॉर्ड ऑफिसातून कॅलेंडर मिळतं, जळणारा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटल्या-डबे कधी, ते सगळं त्यात असतं. पिशवी त्याच दिवशी सकाळी ८ च्या आत ठेवायची, आदल्या रात्री नाही, आणि वर कावळ्यांची जाळी नीट ओढायची नाहीतर कावळे सगळं रस्त्यावर पसरतात. पेट बॉटलचं झाकण काढा, लेबल सोला, विसळा, चेपा, मग ठेवा. चुकीची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून जातात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती बघतो. तोंडावर कुणी काही बोलणार नाही हो, पण शेजारी तुम्हाला ओळखतात ते यावरूनच, म्हणून मी हे इतकं लावून धरते. आणि भजी-पुऱ्यांचं उरलेलं तेल सिंकमध्ये अजिबात नको! सुपरमार्केटात तेल गोठवायची पावडर मिळते, गरम तेलात टाकून ढवळायची, गार झालं की अख्खी वडी सुटून येते, ती जळणाऱ्या कचऱ्यात.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढ्यावर थांबू नका, दाशीचं, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शाचं, विचारा. मिसो सूप, सोबा नूडल्सचा रस्सा, तेंपुराबरोबरची चटणी, बहुतेक सगळ्यात कात्सुओ माशाचा अर्क असतो. कोंबूची दाशी चालते, ते समुद्री शेवाळ.

भूकंपाला घाबरू नका पण तयारी ठेवा. मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो, तो परत चालू करायचं बटण मीटरवरच असतं, कुठे आहे ते आजच बघून ठेवा. १७१ नंबरवर आपला निरोप रेकॉर्ड करून ठेवता येतो. आणि गावी आई-बाबांना आधीच सांगा की हादरा बसला की आधी मेसेज येईल, फोन नंतर.

पहिल्या रविवारी आसाकुसाला जाल तेव्हा सेन्सोजीच्या देवळावरून मागे फिरू नका, थोडं पुढे चालत मात्सुचियामा शोदेन या देवळात जा. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही, पण मोदक-दुर्वांच्या जागी त्याला मुळा वाहतात, जाडजूड पांढरा दाइकोन, देवळाच्या आवारातच विकत मिळतो. वाहिलेले मुळे भक्तांना प्रसाद म्हणून देतातही, मिळाला तर घरी आणून पाल्यासकट भाजी करा, छान होते.